देवमासा किती पावलांचा? लेकीच्या वाढदिवसाची आमची रीत

आमच्या वडोदऱ्यात कमाटीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, सुमारे ७० फुटांचा. लेक चार वर्षांची झाली तेव्हापासून दर वाढदिवसाला आम्ही दोघं तो पावलांनी मोजतो. मासा तेवढाच राहतो, तिची पावलं कमी होत जातात. ज्यांना आपल्या मुलीसाठी असं काही सुरू करायचं असेल त्यांच्यासाठी सगळं नीट सांगतो.

लागणारं सामान: एक जाड पुठ्ठ्याची वही, पेन्सिल आणि मूठभर चिंचोके. फोन खिशात ठेवा. फोटो काढायला लागलात की मोजणी चुकते आणि पोरगी पोझ द्यायला लागते.

सकाळी औक्षण झालं की वहीचं नवं पान उघडायचं आणि त्यावर तिचं उजवं पाऊल ठेवून कडेनं रेघ काढायची. पेन्सिल अगदी उभी धरा. तिरकी झाली तर रेघ तळव्याखाली सरकते आणि पाऊल लहान येतं. अंगठ्यापाशी घाई करू नका. करंगळीकडून सुरुवात केली तर गुदगुल्या शेवटी होतात, तोवर बरंच काम उरकलेलं असतं. आमच्या पाचव्या वर्षाच्या पानावर टाचेजवळ रेघ एकदम बाहेर गेली आहे, ती हसण्याची. मी ती खोडली नाही. तुम्हीही खोडू नका.

मग बागेत. संग्रहालय त्या दिवशी उघडं आहे का ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा. बंद असेल तर जवळचा रविवार धरा, मुलांना चालतं.

आता मोजणी. शेपटीच्या टोकाशी उभं राहायचं आणि जबड्यापर्यंत कडेनं सरळ चालायचं, नेहमीच्या चालीनं. ढांगा टाकायच्या नाहीत, हे आधीच ठरवून घ्या. सहाव्या वर्षी तिनं मुद्दाम लांब ढांगा टाकल्या, मग तिलाच पटेना आणि आम्ही परत शेपटीपाशी गेलो. तुम्ही मागून गप्प चालायचं. मोजायचं तिनं. लहान मुलांना वीसच्या पुढे घोळ होतो, त्यावर चिंचोक्यांचा उपाय आहे: दर दहा पावलांना एक चिंचोका तिच्या हातात द्यायचा. पहिल्या वर्षी ओंजळीत पाच चिंचोके आणि वर आठ पावलं, म्हणजे ५८. पुढे ५१, मग ४६, गेल्या वर्षी ४३. आकडा तिच्याच हातानं वहीत लिहवून घ्या. पहिल्या पानावर तिचा ८ आडवा पडला आहे, मला तो फार आवडतो.

हा मासा महीसागर नदीच्या मुखाशी वाहून आला होता, एवढं मी तिला पहिल्याच वर्षी सांगितलं. तेव्हापासून ती दरवर्षी जबड्यापाशी थांबून त्याला आपलं वय सांगते. या गोष्टी आपण ठरवून होत नाहीत, त्यांना जागा मात्र ठेवावी लागते. म्हणून पुढच्या तासाभरात दुसरं काही ठरवू नका. आम्ही नंतर सेव उसळ खातो, तिच्या ताटलीत तरी कमी आणि पाव जास्त.

पाचव्या वाढदिवसाला तिला ताप होता. मी बाजारातून सुतळी आणली, ७० फूट मोजून कापली आणि गच्चीवर चार पदरी अंथरली. ती शालीत गुंडाळून हळूहळू चालली, माझं बोट धरून. आजारपणातली चाल म्हणून तो आकडा वहीत वेगळ्या शाईनं आहे, ५१ हा आकडा नंतर, ती बरी झाल्यावर बागेत जाऊन मोजला. ती सुतळी अजून फडताळात आहे. तुमच्या गावात देवमासा नसेल तर देवळाचा पार, नदीचा घाट, आजोळचं अंगण, काहीही चालेल. फक्त ते दहा वर्षं जागचं हलणार नाही एवढं बघा.

यंदा ती आठ वर्षांची झाली. पावलं ४०. मग माझ्या हातात चिंचोके देऊन म्हणाली, "बाबा, आता तू चाल. मी मागून येते, बोलणार नाही." माझी २९ झाली. तिनं वहीत माझ्या नावाचा रकाना आखला, पट्टी न घेता.