संकेतस्थळाचे नवे रूप फीचर फ्लॅगच्या मदतीने टप्प्याटप्प्याने कसे आणावे

फीचर फ्लॅग म्हणजे कोडचा एखादा भाग चालू किंवा बंद ठेवणारी कळ. त्यामुळे नवा कोड सर्व्हरवर चढवणे आणि तो वाचकाला दिसू लागणे या दोन गोष्टी वेगळ्या होतात. रंगसंगती, अक्षरे किंवा मांडणी बदलताना याचा विशेष उपयोग होतो, कारण सीएसएसमधील (पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतील) एखादा नियम कोणत्या पानावर काय बिघडवेल याचा अंदाज चाचणीतही पूर्णपणे येत नाही.

समजा, एका मराठी वृत्त-संकेतस्थळाला मजकूर १६ ऐवजी १८ पिक्सेलचा करायचा आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या आणि रफार, तर खाली उकार येतात. त्यामुळे आकार वाढवताना ओळींमधील अंतरही वाढवावे लागते आणि ठरावीक उंचीच्या चौकटींतली शीर्षके कापली जातात का, हे प्रत्यक्ष पाहावे लागते.

प्रथम बदलत्या किमती (आकार, रंग, अंतर यांची मूल्ये) सीएसएस व्हेरिएबलमध्ये, म्हणजे एकेका नावाखाली, काढाव्यात. फ्लॅग चालू असलेल्या वाचकासाठी एचटीएमएल या मूळ टॅगवर खूण म्हणून एकच डेटा अ‍ॅट्रिब्यूट लावावे आणि ते असताना व्हेरिएबलच्या नव्या किमती लागू कराव्यात. प्रत्येक कंपोनंटमध्ये (पानाच्या सुट्या भागात) स्वतंत्रपणे फ्लॅग तपासू नये. तसे केल्यास अर्धे पान जुने आणि अर्धे नवे दिसण्याची वेळ हमखास येते.

काही नियम व्हेरिएबलमध्ये बसत नाहीत, आणि खरी अडचण तिथेच आहे. नियमाच्या सिलेक्टरपुढे (नियम कशाला लागू आहे हे सांगणाऱ्या भागापुढे) अ‍ॅट्रिब्यूट जोडले की त्याची स्पेसिफिसिटी (दोन नियमांपैकी कोणता लागू व्हावा हे ठरवणारे वजन) एका क्लासइतकी वाढते. फ्लॅग असेपर्यंत सारे नीट दिसते. पुढे ते अ‍ॅट्रिब्यूट काढताच नियमाचे वजन घटते आणि त्याने मागे टाकलेला एखादा जुना नियम पुन्हा वरचढ ठरतो. म्हणून अशा ठिकाणी अ‍ॅट्रिब्यूट ‘व्हेअर’ या स्यूडो-क्लासमध्ये गुंडाळावे, म्हणजे त्याचे वजन शून्य राहते, आणि नवा नियम फाइलमध्ये जुन्याच्या नंतर लिहावा.

फ्लॅगचा निर्णय पान रंगण्यापूर्वी, शक्यतो सर्व्हरवरच, घ्यावा. ब्राउझरमधील जावास्क्रिप्टने तो उशिरा घेतला, तर आधी जुने रूप दिसते आणि मग मजकूर वाचकाच्या डोळ्यांदेखत सरकतो. शिवाय एकाच वाचकाला प्रत्येक भेटीत तेच रूप मिळायला हवे. त्यासाठी वाचकाचा आयडी, किंवा लॉग-इन नसल्यास कुकीतील यादृच्छिक क्रमांक, फ्लॅगच्या नावाशी जोडून त्याचा हॅश (त्याच मजकुरापासून नेहमी तोच येणारा आकडा) काढावा, त्याला १०० ने भागावे आणि ५ टक्के वाचकांपासून सुरुवात करायची असल्यास बाकी ५ पेक्षा कमी असेल तरच नवे रूप दाखवावे. टक्केवारी वाढवली तरी आधीचे वाचक नव्या रूपातच राहतात. फ्लॅगचे नाव हॅशमध्ये घेतल्याने प्रत्येक नव्या बदलाचा पहिला त्रास त्याच त्या वाचकांच्या वाट्याला येत नाही.

सीडीएन (पानांच्या प्रती वाचकाजवळच्या सर्व्हरवर साठवणारी सेवा) असेल, तर कॅशेच्या किल्लीत, म्हणजे साठवलेली प्रत ओळखण्याच्या खुणेत, ‘जुने’ किंवा ‘नवे’ एवढाच फरक असावा. संपूर्ण कुकी किल्लीत घातली तर जवळजवळ प्रत्येक वाचकासाठी वेगळी प्रत साठते आणि कॅशेचा उपयोगच उरत नाही. काहीच घातले नाही, तर एका वाचकाचे रूप दुसऱ्याला मिळते.

सुरुवात आपल्याच संपादकीय चमूपासून करावी, मग ५, २५, ५० आणि १०० टक्के असे जावे. प्रत्येक टप्प्यावर दोन्ही गटांचे आकडे वेगवेगळे मोजावेत. मांडणी किती सरकते हे सांगणारा सीएलएस हा आकडा ७५व्या शतमकाला, म्हणजे किमान ७५ टक्के भेटींत, ०.१ च्या आत हवा, आणि मजकुराचा रंग बदलला असेल तर पार्श्वभूमीशी त्याचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ हवा. बिघाड दिसताच फ्लॅग बंद करावा. मात्र सीडीएनवर साठलेली नव्या रूपाची पाने आपोआप जात नाहीत, म्हणून ती त्याच वेळी पुसून टाकावीत.

फ्लॅगचे नाव पुन्हा कधीही वापरू नये. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या दलाली कंपनीने एक जुना फ्लॅग नव्या कामासाठी वापरला होता. एका सर्व्हरवर नवा कोड चढलाच नव्हता, त्यामुळे १ ऑगस्ट २०१२ रोजी तेथे पडून राहिलेला जुना कोड चालू झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले.

फ्लॅग तयार करतानाच तो काढण्याची तारीख आणि जबाबदार व्यक्ती नोंदवावी. नवे रूप सर्वांपर्यंत पोहोचून स्थिरावले की नव्या किमती मूळ व्हेरिएबलमध्ये हलवाव्यात, जुने नियम व अ‍ॅट्रिब्यूट पुसावेत आणि आधीच्या व नंतरच्या पानांचे स्क्रीनशॉट ताडून पाहून मगच तो बदल मुख्य शाखेत घ्यावा.