इटालियन बीफ घरी करताय? जार्डिनेरा 3 दिवस आधी घाला

शिकागोचं इटालियन बीफ सँडविच, म्हणजे पातळ कापलेलं भाजलेलं बीफ त्याच्याच रश्श्यासकट ब्रेडमध्ये, करणार असाल तर मीटचं नंतर बघा, आधी जार्डिनेरा घाला, म्हणजे ते तेलातलं भाज्यांचं लोणचं, खरी मजा त्यातच आहे. फ्लॉवर, गाजर, सेलरी, लाल सिमला मिरची आणि सेरानो (तिखट मेक्सिकन) मिरच्या, सगळं बारीक चिरायचं, नखाएवढं, कारण मोठे तुकडे चावताना ब्रेडमधून घसरून खाली पडतात. 1 लिटर पाण्यात साधारण 60 ग्रॅम मीठ घालून भाज्या रात्रभर बुडवून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी फ्लॉवरचा तुरा वाकवून बघा, थोडा लवचिक झाला पण चावला की कुरकुरतोय म्हणजे जमलं. मग धुवून अगदी कोरडं करा, हिरवे ऑलिव्ह, ओरेगॅनो, मिरी घाला आणि व्हिनेगर नि तेल अर्धं अर्धं. तेल साधं सोयाबीनचं किंवा कॅनोला घ्या, ऑलिव्ह ऑइल फ्रिजमध्ये थिजतं. 2-3 दिवस मुरलं की चव येते.

आणि हो, आपल्या कैरीच्या लोणच्यासारखं बरणीत बाहेर ठेवू नका प्लीज, यात मीठ तेवढं नसतं आणि तेलाखाली हवा नसल्यामुळे बोट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा धोका असतो, कायम फ्रिजमध्येच ठेवा.

सँडविचवर घालताना काट्याने तेल निथळून घ्या, विशेषतः ब्रेड बीफच्या रश्श्यात बुडवणार असाल तर, तिकडे त्याला डिप्ट म्हणतात, नाहीतर लगदाच होतो.