कार्यक्रम झकास, वेळ चुकली: ज्यू ज्येष्ठांच्या क्लबची आखणी करताना या चुका टाळा

डिसेंबरातला शुक्रवार होता. साडेचार ते सहा, चहापान आणि हाउझी. बक्षिसं कागदात बांधून तयार, समोसे गरम, माइक चालू. पाच वाजले आणि एकेक खुर्ची रिकामी व्हायला लागली. पहिली ओळ लागायच्या बेतात असलेल्या एक आँटी तिकीट माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "अगं, घरी दिवे कोण लावणार? तू?"

हाच कार्यक्रम याच वेळेला जुलैत मस्त रंगला होता. म्हणून तर मी तो डिसेंबरात पुन्हा ठेवला.

मुंबई-ठाण्याच्या आमच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या ज्येष्ठांसाठी कार्यक्रम ठरवणाऱ्यांत मी बरीच वर्षं आहे. आमच्या फजित्या विषय निवडताना क्वचितच झाल्या. काय ठेवायचं यावर समिती दोन-दोन तास बोलते. कधी ठेवायचं, हे मात्र चहा संपता संपता, हॉल कोणत्या दिवशी रिकामा आहे ते बघून ठरतं. गोची होते ती तिथे.

शुक्रवारची वेळ वर्षभर एकच ठेवणं

शब्बाथ, म्हणजे आमचा आठवड्याचा विसाव्याचा पवित्र दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि दिवे रीतीप्रमाणे सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लागतात. मुंबईत जुलैच्या सुरुवातीला सूर्य ७ वाजून २० मिनिटांच्या आसपास मावळतो, नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास. सव्वा तासाचा फरक. त्यात भायखळ्याहून ठाण्याला लोकलने जायचं आणि स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं. हिवाळ्यात शुक्रवारचा कार्यक्रम दोनच्या आत आटोपत नसेल तर ठेवूच नका. मी शुक्रवारचा नाद सोडला. आमचा वार आता बुधवार.

शनिवारी संध्याकाळी शब्बाथ सुटल्यावर हाव्दाला, म्हणजे शब्बाथला निरोप द्यायचा विधी, करून गाणी, ही कल्पना दरवर्षी कोणीतरी तरुण मांडतो. जानेवारीत ती जमते, कारण सातच्या आत चांदण्या दिसतात. जुलैत आठ वाजतात, आणि नऊला जेवून झोपणाऱ्या माणसाला आठला घराबाहेर काढण्यात काही पुण्य नाही. शनिवारी दिवसा तर हाउझी विसराच: पैसे हाताळायचे नाहीत, आकडे खोडायला पेन उचलायचं नाही. सगळे सभासद इतकं कडक पाळतात असं नाही. सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनास्थळ, घरापासून लांब, म्हणून शब्बाथला बस-टॅक्सीने येणारे आमच्यात आहेतच. पण कोण किती पाळतं याचा पंचनामा हॉलच्या दारात होऊ नये, इतपत काळजी आखणाऱ्याने घ्यायची.

कॅलेंडरच्या चौकटीवर विश्वास ठेवणं

छापील कॅलेंडरात सण ज्या चौकटीत असतो, त्याच्या आदल्या संध्याकाळी तो सुरू झालेला असतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी दर दोन वर्षांनी कोणीतरी आदल्या संध्याकाळची तारीख सुचवतंच.

दुसरी गोष्ट जास्त अडचणीची. ज्यू महिने चंद्रावर चालतात, आपले मराठी महिनेही. त्यामुळे रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, आमचा नव्याचा सण, कुठल्यातरी अमावास्येला चिकटूनच येतो, आणि मुंबईचे मोठे सण त्याच पंधरवड्यात असतात. २०२५ मध्ये घटस्थापना झाली त्याच दिवशी, २२ सप्टेंबरला, संध्याकाळी रोश हशाना लागला. दहा दिवसांनी २ ऑक्टोबरला योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस, आमचा दारफळणीचा सण. त्याच दिवशी दसरा. २०२६ मध्ये गंमत बदलते. आपल्याकडे अधिक ज्येष्ठ महिना येतो, ज्यू पंचांगातला जादा अदार महिना मात्र थेट २०२७ मध्ये, त्यामुळे मेळ एका महिन्याने सरकतो. नव्याचा सण १२ आणि १३ सप्टेंबरला, आणि १४ ला गणपती बसतात. २१ ला दारफळणीचा उपास. २५ ला अनंत चतुर्दशी, आणि त्याच संध्याकाळी सुक्कोथ, म्हणजे मांडवांचा सण, लागतो.

आता भायखळा, जेकब सर्कल, लालबाग हा पट्टा डोळ्यांपुढे आणा आणि सांगा, २५ सप्टेंबरला सत्तरीच्या माणसाला सिनेगॉगला कोणत्या रस्त्याने नेणार? त्या महिन्यात क्लबचा कार्यक्रम ठेवायचाच असेल तर एकच ठेवा, विसर्जनाच्या तारखा टाळून. शिळ्या सणालाही, म्हणजे उपासाच्या दुसऱ्या दिवशी, काही ठेवू नका. पंचवीस तासांच्या उपासाने शरीर उतरलेलं असतं, आणि तो दिवस एकमेकांकडे जाण्याचा असतो. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या असणाऱ्यांना उपासाआधी डॉक्टरांशी बोला म्हणून निरोप मात्र जरूर द्या. जिवाला धोका असेल तर उपास मोडणं हाच धर्म आहे, हे प्रार्थना चालवणाऱ्या हझानच्या तोंडून ऐकलं की पटतं. आमच्या तोंडून नाही.

पावसाळ्यातले तीन आठवडेही लक्षात असू द्या. बिरड्याचा रोजा, म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाच्या स्मृतीचा उपास, २०२६ मध्ये २३ जुलैला आहे. २ जुलैच्या उपासापासून तिथपर्यंतचा काळ शोकाचा. पाळणाऱ्या घरांत गाणं-बजावणं नसतं आणि शेवटच्या नऊ दिवसांत मटण-कोंबडीही नसते. "श्रावणसरी" नावाचा गाण्यांचा कार्यक्रम मी एकदा नेमका तिथे बसवला होता. कोणी भांडलं नाही. आलंच नाही कोणी.

खाण्याची ऑर्डर शेवटी देणं

यावर लांबण लावत नाही. बिर्याणीनंतर आइस्क्रीम, ही मुंबईच्या केटररची सवय आपल्याकडे चालत नाही. मटणासोबत दही नाही आणि मागून दुधाचं काही नाही. आपल्या आज्यांनी नारळाचं दूध उगाच नाही पातेल्यात घातलं. कोळंबी, खेकडे बाद. जेलीत जिलेटिन असतं, ते कशाचं हे विचारून घ्या. पेसाखच्या, म्हणजे खमिराचं न खाण्याच्या सणाच्या, आठवड्यात पाव, खारी, नानकटाई हॉलमध्ये आणूच नका. भात आम्ही खातो, पण परदेशातून आलेले अश्केनाझी, म्हणजे युरोपी परंपरेचे ज्यू पाहुणे कदाचित खाणार नाहीत, त्यांच्यासाठी बटाटा उकडून ठेवा. आणि किद्दुशला, म्हणजे शब्बाथ-सणाला पेला हातात घेऊन म्हणायच्या प्रार्थनेला, मनुकांचा शरबत असतो तेव्हा मधुमेही सभासदांना छोटा पेला द्या, न विचारता आणि न जाहीर करता.

शरीराचं घड्याळ न बघणं

सकाळी आठला बस निघणार म्हटलं की आमच्या निम्म्या आँटी "बघू" म्हणतात. या "बघू"चा अर्थ मला उशिरा कळला. रक्तदाबासाठी लघवी जास्त होण्याची गोळी सकाळी घेतली की पुढचे दोन-तीन तास संडासापासून लांब जायची हिंमत होत नाही. हे कोणी मोकळेपणाने सांगत नाही, समितीतल्या तरुण मुलाला तर नाहीच. निघायची वेळ अकरा केली आणि हजेरी सुधारली. अकराला लोकलची गर्दीही ओसरलेली असते. परत निघायचं ते साडेतीनच्या आत, नाहीतर संध्याकाळच्या गर्दीत सापडतात.

सिनेगॉग असो वा केंद्र, आता दारात पहारा आणि तपासणी असते. २००८ च्या नोव्हेंबरात नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर जो अतिरेकी हल्ला झाला, त्यानंतर त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. तक्रार आहे ती उन्हात उभं राहण्याची. यादी आदल्या दिवशी पहारेकऱ्याकडे द्या, दाराशी सावलीत चार खुर्च्या टाका आणि कार्यक्रमाच्या वेळेत ही पंधरा मिनिटं धरा. पत्ता आणि वेळ असलेलं पोस्टर समाजमाध्यमांवर टाकू नका. तसंही आमच्यात निरोप फोनवरच पोचतो. व्हॉट्सॲपवरचे हात जोडलेले ठसे म्हणजे येणार असं नव्हे.

अलिबागची सहल

सहल म्हटली की एकच नाव. नौगावला आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, अलिबागला सिनेगॉग आहे आणि जवळच्या खंडाळ्याला (घाटातलं नव्हे) प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या खुणा ज्यावर आहेत असं सांगतात तो खडक आहे. तिथे मलिदा, म्हणजे आमचा नैवेद्याचा विधी, करायचा मान शेवात या ज्यू महिन्याच्या पंधराव्या तिथीचा. पोहे, नारळ, गूळ, फळं, सगळं घरून नेतो.

तिथी जानेवारी-फेब्रुवारीत येते, हवा छान असते, गेटवेवरून मांडव्याची बोट चालू असते. म्हणून लोक डोळे झाकून तिथीचीच बस ठरवतात. २०२७ मध्ये ती २३ जानेवारीला आहे आणि तो शनिवार आहे. रविवारी, २४ ला जा. हन्नाबी रागावणार नाही. बोटीच्या शिडीवर आणि खडकाकडच्या उंचसखल वाटेवर प्रत्येक तीन ज्येष्ठांमागे एक धडधाकट माणूस हवा. गुडघ्यांनी जमत नसेल त्यांच्यासाठी अलिबागच्या सिनेगॉगमध्ये बसायची सोय आधी बोलून ठेवा, म्हणजे कोणाला "मी बसमध्येच थांबते" असं म्हणावं लागत नाही.

अश्दोदला फोन लावणं

नातवंडं इस्राएलमध्ये, अश्दोद, डिमोना, लोदला. त्यांच्याशी पडद्यावर मराठीत गप्पा, हा आमचा सर्वांत चाललेला कार्यक्रम. बिघडतो तो घड्याळामुळे. हिवाळ्यात इस्राएल आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो, उन्हाळ्यात अडीच. तिकडे घड्याळं मार्चच्या अखेरीस पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या अखेरीस मागे येतात. त्या आठवड्यांत ठरलेली वेळ चुकते आणि वीस ज्येष्ठ काळ्या पडद्याकडे बघत बसतात. शनिवारी संध्याकाळी आपला शब्बाथ सुटला म्हणून लगेच फोन लावू नका. जानेवारीत इथे सात वाजलेले असतात तेव्हा तिकडे साडेतीन, त्यांचा शब्बाथ अजून चालू. रविवारी तिकडे कामाचा दिवस. दुपारी चारच्या सुमारास, मधल्या वारी, आजी-आजोबा होऊन घरी बसलेल्या तिकडच्या भावा-बहिणींना बोलवा. नातवंडांपेक्षा त्यांच्याशी गप्पा जास्त रंगतात, आणि स्त्रिया जुन्या मराठी कीर्तनांतली पदं दोन्हीकडून म्हणायला लागतात. आवाज मागेपुढे येतो. माइक बंद करू नका.

तीस दिवसांनंतरचा विसर

सभासद गेला की सात दिवस क्लबची माणसं घरी जातात, चहा-खाणं नेतात. हे आम्हाला चांगलं येतं. जोडीदारासाठीचा सुतकाचा काळ ३० दिवसांनी संपतो, आणि आमची चूक तिथे होते. एकतिसाव्या दिवशी मागे राहिलेल्या माणसाला कोणी फोन करत नाही. तो आपणहून येत नाही, विशेषतः पुरुष. कारण इतकी वर्षं क्लबला न्यायचं काम बायकोचं होतं. दोन-तीन महिने गेले की त्यालाच यायला संकोच वाटतो आणि आपण यादीतून नाव खोडतो.

हजेरीच्या वहीत मी आता एक रकाना वाढवला आहे, त्यात ती एकतिसावी तारीख लिहायची. शेजारच्या रकान्यात वर्षश्राद्धाची हिब्रू तिथी, कारण त्या आठवड्यात त्याला हाउझीचे आकडे पुकारायला लावायचं नाही. फोन कोण करणार तेही नावानिशी लिहायचं, नाहीतर तो सगळ्यांचा आणि कोणाचाच राहत नाही. आणि फोनवर "कसे आहात" विचारत बसायचं नाही. विचारायचं ते एवढंच: "अंकल, बुधवारी ठाणे स्टेशनला कितीची गाडी धरू या?"