परळला निघण्याआधी

छातीत गाठ लागली आणि डॉक्टरांनी मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयाचं नाव काढलं, की घरात पहिले दोन दिवस रडण्यातच जातात. रडून घ्या, पण पिशवी त्याच आठवड्यात भरा. वहिनीला घेऊन सांगली ते परळ अशा खेपा केल्या, त्यातून जे कळलं ते सांगते.

आधी फाईल. आधार कार्ड, रेशन कार्ड, आजवरचे रिपोर्ट आणि प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स. बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी, झाली असेल तर नुसता रिपोर्ट पुरत नाही, लॅबमधून त्या तुकड्याच्या काचेच्या स्लाइड आणि तो ज्यात जपून ठेवतात ते मेणाचे ब्लॉक मागून घ्या. आम्ही ते नेले नव्हते. ते आणायला दादा रातोरात सांगलीला परतला आणि वहिनीचे दोन दिवस वाया गेले. मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेच्या, जुन्या फिल्म असतील तर त्याही घ्या, नव्याशी ताडून बघतात.

मॅमोग्राफीच्या दिवशी अंघोळ करून जा, पण काखेत किंवा छातीवर पावडर, डिओ, क्रीम काही लावू नका. त्यातले कण फिल्मवर चुन्याच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात आणि आजाराची खूण समजून गोंधळ होतो. कमरेपासून वरचे कपडे उतरवावे लागतात, म्हणून साडी किंवा सलवार-कुर्ता बरा, सलग गाऊन नको. नेहमीची तपासणी असेल तर पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात गेलं की कमी दुखतं. गाठ हाताला लागत असेल तर मात्र पाळीसाठी तारीख पुढे ढकलू नका. गळ्यातलंही काढायला सांगतात. वहिनीचा हात मंगळसूत्रापाशीच थांबला. मी ते रुमालात बांधून कमरेला खोचलं आणि ती बाहेर येईपर्यंत हात त्यावरून काढला नाही.

राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं सदन आहे, पण जागा लगेच मिळेलच असं नाही. पहिल्या दोन रात्रींची सोय नातेवाइकांकडे बघून ठेवा. महात्मा फुले योजनेसाठी, म्हणजे सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेसाठी, उपचाराआधी मंजुरी लागते, म्हणून आधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, गाठा. रेल्वे सवलतीचा दाखला रुग्णालयातून मिळतो, तो मागायला लाजू नका. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णालाही बसता येतं.

केमो सुरू झाली की पिशवीतली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे थर्मामीटर. ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला की रात्रीचे दोन वाजलेले असोत, रुग्णालयाला फोन करा आणि निघा. तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघू नका. त्या दिवसांत पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, साधा जंतूही जिवावर बेतू शकतो. हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. लाल रंगाचं औषध दिलं असेल तर दिवसभर लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे. बऱ्याच औषधांनी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात केस हातात येऊ लागतात, तेव्हा मऊ सुती ओढणी घरात आधीच असू द्या.

ऑपरेशनसाठी पुढून बटणं असलेले दोन गाऊन शिवून घ्या, हात वर करून कपडा चढवणं जमत नाही. ड्रेनच्या, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या, पिशवीत रोज किती पाणी आलं ते लिहायला एक वही ठेवा. आमच्या वहीत वहिनीने त्याच पानावर रोज काय खाल्लं तेही लिहिलंय. चौथ्या दिवशी लिहिलंय, ‘पिठलं, अर्धी भाकरी’.

आणि घरातल्या बाकीच्या बायकांनीही तपासून घ्या. टाटानेच मुंबईत दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलं, तर पन्नाशीच्या पुढच्या बायकांमधले या आजाराचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. तिशीनंतर ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. वहिनीची आई, तिच्या दोन बहिणी आणि मी, आम्ही चौघी एकाच दिवशी जाऊन आलो.