आईसाठी मराठी सबटायटल: शाळेतल्या विनोदाचा एक भाग

‘निचिजो’ या शाळेतल्या मुलींवरच्या विनोदी ॲनिमेचा, म्हणजे जपानी कार्टून मालिकेचा, पहिला भाग मी आईला इंग्रजी सबटायटलवर दाखवला आणि ओळ न् ओळ मराठीत सांगत बसले. आई हसली नाही. चूक आईची नव्हती, ॲनिमेचीही नव्हती. इंग्रजी ओळीत विनोद आधीच फुटत होता आणि पडद्यावरची मुलगी तो नंतर बोलत होती. म्हणून मी विकत घेतलेल्या डिस्कवरून घरापुरती मराठी सबटायटल करायला घेतली. तुम्हालाही करायची असतील तर जपानीतून थेट मराठीत करा, मध्ये इंग्रजी आणूच नका. जपानी N3 पर्यंत, म्हणजे जपानी भाषा परीक्षेच्या मधल्या पातळीपर्यंत, आली असेल तर शब्दकोश शेजारी ठेवून शाळेतली भाषा झेपते.

जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, नकार तर त्याच्याही मागे. मराठीतही तसंच. ‘शुकुदाइ, चान्तो यात्ते… नाइ’ म्हणजे ‘गृहपाठ अगदी नीट केला… नाही’. त्या ‘नाही’साठी आईने श्वास रोखायला हवा. म्हणून ही ओळ दोन तुकड्यांत तोडा, आणि मुलीच्या तोंडून ‘नाइ’ निघेल तेव्हाच दुसरा तुकडा दिसू द्या.

काम एजिसब या सबटायटल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये करा, ते फुकट मिळतं. आवाजाचा आलेख बघून प्रत्येक ओळीची सुरुवात आणि शेवट पकडायचा. भाग साधारण 24 मिनिटांचा असतो; सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं दीड-दीड मिनिटाचं, ती दोन्ही मी सोडून देते. फाइल एसआरटी या सबटायटलच्या साध्या प्रकारात करून यूटीएफ-8 मध्ये (देवनागरी अक्षरं नीट टिकतात अशा एन्कोडिंगमध्ये) साठवा आणि तिला व्हिडिओचंच नाव द्या. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर सबटायटलच्या सेटिंगमध्ये नोटो सान्स देवनागरी फॉन्ट निवडा.

आता शब्द. ‘कोको’ म्हणजे हायस्कूल असं शब्दकोश सांगतो, पण आपलं हायस्कूल दहावीला संपतं आणि त्यांचं दहावीच्या वयाला सुरू होऊन तीन वर्षं चालतं. ‘कोको निनेन्सेइ’ला, म्हणजे त्यातल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला, मी सरळ ‘अकरावी’ लिहिते. बेन्तो म्हणजे डबा, यात विचार करण्यासारखं काही नाही. ‘सेन्सेइ’ला सर किंवा मॅडम. ‘सेन्पाइ’, म्हणजे वरच्या वर्गातला विद्यार्थी, मात्र मी तसंच ठेवते, कारण ‘दादा’ म्हटलं की वर्गातलं अंतर घरातलं होऊन जातं.

खरी मजा आदरार्थी भाषेत आहे. दोन मैत्रिणी भांडल्या की एकजण अचानक ‘देसु-मासु’त, म्हणजे परक्याशी बोलायच्या औपचारिक जपानीत, बोलायला लागते. इंग्रजीत हे पार हरवतं. मराठीत ‘अगं, ये ना’वरून ‘आपण यावं’वर उडी मारा, भांडण किती पेटलंय ते आईला लगेच कळतं.

जपानी विनोदात एक वेडगळ बोलणारा असतो, तो ‘बोके’, आणि त्याला ताबडतोब टोकणारा ‘त्सुक्कोमी’. टोकणाऱ्याची ओळ दोन-तीन शब्दांची हवी. ‘तू असं का म्हणतेस?’ नको, ‘काहीही काय!’ हवं. शांततेचा आवाज असतो ‘शीइन’. त्याला आपल्याकडे ‘शुकशुकाट’ तयारच आहे. ‘दोकिदोकि’ला ‘धडधड’.

सगळ्यात जास्त वेळ शब्दश्लेष खातात. या मालिकेतल्या मुख्याध्यापकांना त्यांची भारी हौस. जपानीतला जुना, घरोघरी ठाऊक असलेला श्लेष घ्या: ‘फुतोन गा फुत्तोन्दा’, म्हणजे गादी उडून गेली. अर्थ लिहिला की विनोद गेला. आवाज धरायचा, आणि जमलं तर अंथरूण-पांघरूणातच राहायचं. या एका ओळीवर मी रविवारची अख्खी दुपार घालवली. गादी, रजई, चादर, सगळं उलटंपालटं केलं आणि शेवटी सापडलं: ‘उशी उशिरा आली’. तितकंच साधं आणि ऐकणाऱ्याने कपाळाला हात लावावा असं.

फाइल झाली की ज्याच्यासाठी केली त्याच्या शेजारी बसा, वही घेऊन. पडद्याकडे नाही, त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघा. आई ‘केला… नाही’ला मुलीच्या आधी हसली तेव्हा मी वेळ टिपून घेतली, आणि रात्री ‘नाही’चा तुकडा 300 मिलिसेकंद उशिरा दिसेल असा सरकवला.