पहिलं विज्ञानकथा संमेलन कुठलं? खोलात शिरायची रीत

विज्ञानकथांच्या चाहत्यांचा, म्हणजे फॅनडमचा, इतिहास चाहत्यांनीच लिहून ठेवलाय, तोही ढिगाने. त्यामुळे माहिती पटकन सापडते. खरं काम त्यानंतरचं: ती कोणी लिहिली, कधी लिहिली आणि लिहिणारा तेव्हा तिथे होता का, हे शोधणं. एक जुना वाद घेऊन ही रीत पाहू.

आधी प्रश्न एका ओळीत कागदावर लिहा: जगातलं पहिलं विज्ञानकथा संमेलन कुठं भरलं, फिलाडेल्फियाला की इंग्लंडमधल्या लीड्सला? हा कागद समोर ठेवा. वाटेत भेटणाऱ्या बाकीच्या गमती दुसऱ्या पानावर टिपा आणि तिथेच सोडा.

सुरुवात फॅन्सायक्लोपीडियापासून करा. जॅक स्पीअर या चाहत्याने १९४४ साली काढलेल्या फॅनडमच्या कोशाचा हा आजचा ऑनलाइन अवतार आहे. तिथून निष्कर्ष उचलू नका. माणसांची नावं, टोपणनावं आणि फॅनझीनची, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेल्या नियतकालिकांची, शीर्षकं तेवढी घ्या. टोपणनावांशिवाय पुढचा शोध अडतो. त्या काळच्या चाहत्यांपैकी फॉरेस्ट अॅकरमन हा ‘४एसजे’ अशी सही करायचा, मर्टल डग्लस ‘मोरोजो’ या नावाने लिहायची.

मग फॅनॅक या संकेतस्थळावरचे स्कॅन केलेले फॅनझीन उघडा. इथे शोधखिडकीवर विसंबू नका. हेक्टोग्राफवर, म्हणजे जिलेटिनच्या थरावरून प्रती काढायच्या साधनावर, एका अंकाच्या जेमतेम पन्नासेक चांगल्या प्रती निघत आणि ती जांभळी शाई फिकी पडत जाते, त्यामुळे संगणकाला अक्षरं नीट वाचता येत नाहीत. ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर आलं तरी पानं डोळ्यांनी चाळा. व्यावसायिक मासिकांत आणखी एक फसगत होते. मुखपृष्ठावरचा महिना विक्रीच्या तारखेच्या पुढचा असतो, म्हणून पत्रव्यवहाराच्या सदरातला मजकूर त्या महिन्याच्या बराच आधीचा धरावा.

आता तारखा. फिलाडेल्फियाच्या बैठकीची तारीख बहुतेक ठिकाणी २२ ऑक्टोबर १९३६ अशी दिलेली असते. न्यूयॉर्कचे मोजके चाहते तिथे गेले, तिथल्या मिल्टन रॉथमन या चाहत्याच्या घरी जमले आणि त्यांनी त्या भेटीलाच संमेलन म्हटलं. लीड्सचं संमेलन ३ जानेवारी १९३७ला, आधी जाहीर करून, थिऑसॉफिकल सोसायटीच्या सभागृहात भरलं. दोन्ही तारखांचे वार काढा. लीड्सला रविवार येतो, तो पटतो. २२ ऑक्टोबरला मात्र गुरुवार येतो. शाळा-नोकरीतली पोरं गुरुवारी दुसऱ्या गावी कशी गेली? एवढ्यावरून तारीख चुकीची ठरत नाही, पण तिचा मूळ पुरावा पाहिल्याशिवाय ती आपल्या लिखाणात उतरवू नये. वार काढायला मिनिटभर लागतो आणि वर्षानुवर्षं नकलत आलेल्या चुका त्यात उघड्या पडतात. आम्हाला या सगळ्या कामातली सर्वांत उपयोगी सवय हीच वाटते.

साक्षीदार मोजतानाही जपा. पाच लेखांनी एकाच जुन्या लेखाचा आधार घेतला असेल, तर साक्षीदार एकच. त्याची बाजूही पाहा. १९३९च्या न्यूयॉर्क वर्ल्डकॉनमध्ये, म्हणजे जागतिक विज्ञानकथा संमेलनात, ‘फ्युचुरियन’ या न्यूयॉर्कच्या चाहत्यांच्या गटातल्या सहा जणांना प्रवेश नाकारला गेला. सॅम मॉस्कोविट्झ हा आयोजकांपैकी होता, तर फ्रेडरिक पोल त्या सहांपैकी. दोघांनीही त्या काळाबद्दल लिहिलंय. ते शेजारी ठेवून वाचा. दोघांना मान्य असलेला भाग आधी पक्का धरा, उरलेल्यासाठी त्याच वर्षी छापलेला कागद शोधा.

नोंद करताना चार रकाने पुरतात: दावा, कोणाचा, कोणत्या वर्षी लिहिला, तो स्वतः हजर होता का. चौथा रकाना रिकामा राहिला की तो दावा ऐकीव.

शेवटी उत्तर अटीसकट लिहा. ‘आधी जाहीर करून सार्वजनिक सभागृहात भरलेलं पहिलं संमेलन: लीड्स. वेगवेगळ्या शहरांतल्या चाहत्यांनी भेटून स्वतः संमेलन म्हणवलेली पहिली बैठक: फिलाडेल्फिया.’ त्या गुरुवारपुढे प्रश्नचिन्ह ठेवा आणि १९३६च्या हिवाळ्यातले न्यूयॉर्कचे फॅनझीन चाळायला घ्या.