टोपीचा तवा का होतो? जुन्या लोकरीच्या टोप्या करताना या चुका टाळा

"काकू, टोपी करूलालोय, खरं तवाच होऊलालाय की!"

दर मे महिन्यात हे वाक्य मला एकदा तरी ऐकावं लागतं. (बेळगावाबाहेरच्यांसाठी: आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण', आणि पोरीसुद्धा 'करूलालो'च म्हणतात.) सुट्टी लागली की वडगावातल्या आमच्या सोप्यात सात-आठ जणी जमतात. घरातले विटलेले स्वेटर, आजीच्या सुती साड्या, भावाचे टी-शर्ट पिशवीत कोंबून आणतात. त्यातून कुणाला कोंबड्याची टोपी हवी असते, कुणाला मांजराची, कुणाला अळंबीची. गाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे, डिसेंबरात सकाळच्या शाळेला पोरांना कानटोपी लागतेच. मग तिला दोन कान आणि मिशा असल्या तर बिघडलं कुठं? मी शिकवायचे पैसे घेत नाही. बोलून मात्र घेते.

तर तवा, म्हणजे खाली न वळता सपाटच वाढत जाणारी टोपी. टोपी क्रोशाच्या सुईनं टाळूपासून सुरू करायची. मुक्या खांबांनी, म्हणजे क्रोशाच्या बुटक्या टाक्यांनी, विणत असाल तर पहिल्या फेरीत ६ टाके, दुसरीत १२, तिसरीत १८, चौथीत २४. दर फेरीला सहाच वाढतात, म्हणजे सहा जागी एका टाक्यात दोन विणायचे. हा सहाचा आकडा कुणाच्या मनात आला म्हणून ठरलेला नाही. गोलाची त्रिज्या एका टाक्यानं वाढली की परीघ सव्वासहा टाक्यांनी वाढतो, आणि मुका खांब साधारण जेवढा रुंद तेवढाच उंच असतो. म्हणून सहा. साधा खांब त्याच्या जवळपास दुप्पट उंच, म्हणून तिथं सुरुवात १२ नं आणि वाढही दर फेरीला १२ ची. कमी वाढवलं तर वाटी होते, जास्त वाढवलं तर कडेला लाटा उठतात. एवढं बहुतेकींना पाठ असतं. हात विणत राहतो, तोंड टीव्हीकडं असतं, आणि वाढवणं थांबवायचं कधी, हे कुणी विचारत नाही.

दोन वर्षांपूर्वी एक कॉलेजची पोरगी फणसाची टोपी करायला बसली. तिचं आजोळ खानापूरकडं, फणसाचं प्रेम रक्तातच. पहिल्या दिवशी छान सपाट गोल केला. दुसऱ्या दिवशी आली नाही, घरीच विणते म्हणाली. चौथ्या दिवशी पिशवीतून काढलं ते भाकरीच्या तव्यापेक्षा मोठं. मी विचारलं, हे खाली कधी वळणार? म्हणाली, "मला वाटलं पुढं आपोआप वळतंय." आपोआप! त्या फणसावर आता तिच्या घरी घागर बसते.

डोक्याचा घेर टेपनं मोजा, कपाळाच्या मध्यावरून आणि मागच्या उंचवट्यावरून. मोठ्या बाईचा बहुधा ५४ ते ५७ सेंटिमीटर येतो. लोकर ताणते, म्हणून त्यातून ३ सेंटिमीटर वजा करा. ५५ असेल तर ५२ धरा आणि ३.१४ नं भागा. साडेसोळा आलं. सपाट गोल साडेसोळा सेंटिमीटर रुंद झाला की वाढ बंद. त्यानंतर एका टाक्यावर एकच टाका, फेऱ्यामागून फेऱ्या, आणि कड आपली आपण खाली वळते. टाळूच्या मध्यापासून २० सेंटिमीटर खोल झाली की कान झाकले जातात. फेरी कुठं सुरू झाली ते कळायला पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा. "माझ्या लक्षात राहतंय" म्हणणाऱ्यांची टोपी मी बघताक्षणी ओळखते, ती एका कुशीवर झुकलेली असते. आणि वाढीचा टाका दर फेरीत बरोबर त्याच जागी घेऊ नका, नाहीतर गोलाला सहा कोपरे येतात. फेरीआड दोन-तीन टाके सरकवा.

दुसरी चूक माझी स्वतःची आहे, त्यामुळं ती जास्त मन लावून सांगते.

गल्लीतल्या मंडळानं एका गणपतीत जंगलाचा सजीव देखावा केला. सहा पोरं अळंब्या होणार होती. मंडळाची पोरं माझ्याकडं आली, "काकू, चार दिवसात टोप्या पायजेत." चार दिवसात सहा टोप्या म्हटल्यावर मीही तेच केलं ज्यावरून मी इतरांना ओरडते. सासूबाईंची लालभडक सुती साडी होती, तिच्या पट्ट्या फाडल्या आणि तशाच विणायला घेतल्या, न धुता. खालची छत्री ताठ राहावी म्हणून आत बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा घातला. वर बनियनचे पांढरे ठिपके शिवले. दिसायला इतक्या देखण्या झाल्या की फोटो काढायला माणसं थांबत होती. पोरं दोन तास जंगलात नीट उभी राहिली, आणि मग आमचा तो श्रावण-भाद्रपदातला पाऊस आला. मांडव होता, पण अळंब्या मांडवाच्या कडेला. पहिल्यांदा छत्र्या मऊ झाल्या आणि पोरांच्या डोळ्यांवर आल्या. मग रंग सुटला. कपाळावरून, नाकावरून, कानांमागून लाल ओघळ. गर्दीतल्या एका आजीनं "अगाई, पोराचं डोकं फुटलं की गे!" म्हणून जी बोंब मारली, ती पुढच्या चौकात ऐकू गेली. त्या पोराची आई धावत आली, तिनं त्याला उचललं, तिची साडीही लाल झाली. पोरगा मात्र खूश होता. दोन दिवस त्याचे कान गुलाबी होते आणि आठवडाभर मी त्या घरावरून मान खाली घालून जात होते.

यात दोन चुका एकात एक बसल्या आहेत. रंगाची परीक्षा दोन मिनिटांची असते. कापडाचा कोपरा ओला करायचा, त्यावर पांढरं सुती फडकं ठेवायचं आणि गरम इस्त्री दाबायची. फडक्यावर डाग उमटला तर ते कापड पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं, आणि पाणी स्वच्छ येतच नसेल तर ते डोक्यावर जाणार नाही, त्याचं पायपुसणं होईल. मिठाच्या पाण्यात भिजवा, व्हिनेगर घाला, असं सगळेच सांगतात. बाजारात रंगून आलेल्या जुन्या सुती कापडाचा रंग अशानं पक्का झालेला मी तरी पाहिला नाही. मीठ कापड रंगवताना कामाला येतं, सुटू लागलेला रंग धरून ठेवत नाही.

आणि पुठ्ठा तर आपल्याकडं विसराच. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पुठ्ठा घातलेली टोपी म्हणजे चहात बुडवलेला पाव. मी आता खोक्यांना बांधून येते ती प्लास्टिकची पॅकिंग पट्टी वापरते. किराणा दुकानाबाहेर हवी तेवढी पडलेली असते. कडेच्या घेराइतकी घ्यायची, टोकं पाच सेंटिमीटर एकावर एक चढवायची, चिकटपट्टीनं गच्च गुंडाळायची आणि शेवटची फेरी विणताना तिला टाक्यांच्या पोटात घेत जायचं. टोक उघडं राहिलं तर ते महिन्याभरात बाहेर येऊन कुणाच्या तरी कपाळाला लागतं, म्हणून गुंडाळताना कंजूषपणा नको. छत्री रुंद हवी असेल तर कपडे वाळत घालायची नायलॉन दोरी दोन-तीन फेऱ्यांत अशीच आत घ्या. धुता येते, वाकवता येते.

स्वेटर उसवायच्या आधी तो उलटा करून शिवण बघा. हे न करणाऱ्यांना मला एकच सांगायचं आहे, की पोराचा अभ्यास घेतल्यासारखं शांतपणे बघा. बाजूच्या शिवणीला इंटरलॉक (कापलेली कड दोऱ्यानं गुंडाळणारी मशीनची शिलाई) मारलेला असेल तर तो स्वेटर मोठ्या कापडातून कापून शिवलेला आहे. त्यातून लांब धागा निघणार नाही, प्रत्येक ओळीला वीतभर, दोन वीत तुकडे हातात येतील. असा स्वेटर उसवू नका, कापून त्याचे कान-शेपूट करा. हातानं विणलेला किंवा कडा न कापता जोडलेला असेल तर तो सोनं आहे. जिथं विणणं संपलं त्या टोकाकडून सुटतो, बहुधा गळ्याकडून किंवा खांद्याकडून. सुटलेली लोकर शेवयांसारखी वळ्यावळ्यांची येते. ती तशीच विणली की पहिल्या धुण्यात वळ्या उलगडतात आणि मांजराची टोपी म्हशीला होते. खुर्चीच्या पाठीवर लड गुंडाळा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात साबणानं धुवा आणि दोरीवर टांगून खाली लाटणं अडकवा. रात्रभरात सरळ होते. एक रात्र थांबायची तयारी नसेल तर बाजारातून नवीन गुंडा आणा, मला त्रास देऊ नका.

लोकर खरी की ॲक्रिलिक, ते कळायला एक धागा पेटवून बघतात. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. हे मोरीत, पाण्याची बादली शेजारी ठेवून करा, पोरांसमोर नको. फरक महत्त्वाचा आहे, कारण खरी लोकर गरम पाण्यात चोळली की आकसून जाड होते, आणि ॲक्रिलिकला गरम इस्त्री लागली की ते कायमचं लुळं पडतं. ते परत उभं राहत नाही.

टी-शर्टच्या पट्ट्या फक्त काखेखालच्या भागाच्या काढा, दोन-अडीच सेंटिमीटर रुंद, आणि ओढून त्यांच्या कडा वळू द्या. सुई ८ ते १० मिलिमीटरची. पण पूर्ण टोपी त्याची करू नका. सुती कापड जड असतं आणि भिजलं की दुप्पट जड. काठाला, गोंड्याला, कोंबड्याच्या तुऱ्याला ठीक.

आमच्या वडगाव, शहापूर, खासबाग भागात साड्यांचे माग आहेत, त्यामुळं उरलेल्या सुताचे गुंते मिळतात. रंग असे की पोरी हरखून जातात. तो धागा एकटा घेऊन विणू नका. तो इतका बारीक आणि निसटता असतो की गाठसुद्धा सुटते. लोकरीबरोबर दोन पदर जोडून घ्या, टोपीला पावसात भिजलेल्या मोरासारखी चमक येते.

बाकी काही गोष्टी एका दमात. दुधाच्या पिशव्या वापरायच्या तर कापून, उलट्या करून साबणानं धुवा, नाहीतर डोक्याला आंबट वास येतो. टोपी लहान मुलाची असेल तर बटणाचे डोळे नकोत, धाग्यानं भरा, आणि हनुवटीखाली बांधायच्या लांब दोऱ्या तर नकोतच. गोंडा शिवायच्या दोऱ्यानं बांधू नका, तो तुटतो. जाड नायलॉनचा घ्या. ग्लू गनबद्दल मी फार बोलत नाही. लोकरीवर तिचा कडक खडा होतो, उन्हात ठेवलेल्या गाडीत तो मऊ पडतो आणि कान गळून पडतो. सुई-दोऱ्यानं दहा मिनिटं लागतात, दहा.

कान आणि शिंगं मात्र वेगळी भानगड आहे. सगळ्या जणी कान मांडीवर ठेवून शिवतात, मांडीवर सरळ दिसतात, डोक्यावर घातले की एक कान कपाळावर आणि दुसरा मानेवर. टोपी फुगलेली असतानाच कान लावायचे. मी फुगा फुगवते, मध्येच टेप लावून घेर बघते, ५४ झाला की गाठ. फुगा तांब्याच्या तोंडावर बसवला की हलत नाही. त्याच्यावर टोपी चढवून आधी टाचण्या नाही, कपड्यांचे चिमटे लावायचे. टाचणीनं काय होतं ते सांगायला नको. कानाची खालची कड एका बिंदूत शिवायची नाही, गोल उघडी ठेवून चारही बाजूंनी टोपीला जोडायची. आत जुन्या मोज्यांचे तुकडे भरा, चिंध्या गच्च कोंबू नका. शिंग बोटाच्या दीडपट लांब झालं की ते शेवग्याच्या शेंगेसारखं लोंबणारच, त्याला मी काही करू शकत नाही.

अर्ध्यात लोकर संपली, ही तक्रार तर दर आठवड्याला येते. जुनी लोकर परत विकत मिळत नसते, म्हणून सुरू करायच्या आधी वजन करा. मध्यम जाडीच्या साध्या टोपीला ८० ते १०० ग्रॅम लागते, फणसासारखे उठावाचे काटे काढायचे असतील तर बरीच जास्त. कमी पडणार असं दिसलं तर शेवटी नाही, मधूनच दुसऱ्या रंगाचे पट्टे सुरू करा. लोकांना वाटतं मुद्दामच केलंय.

टोपी सैल झाली तर शेवटच्या दोन फेऱ्यांत दर आठव्या टाक्याला दोनाचा एक करा. घट्ट झाली आणि लोकर खरी असेल तर ओली करून थोड्या मोठ्या फुग्यावर वाळवा. ॲक्रिलिकची असेल तर उसवा. रडायचं नाही, लोकर कुठं जात नाही.

आणि एवढं करून पोरगं म्हणतं, "आजी, टोचतंय." आत जुन्या बनियनची चार बोटं रुंद पट्टी शिवा, कपाळाला लागते तिथं. खोबरेल तेलानं माखलेल्या डोक्यांची टोपी तेवढ्या पट्टीनं वाचते, आणि पट्टी उसवून वेगळी धुता येते. बनियन मात्र धुतलेलं घ्या.